दारावर आलेले अपडेट

आमच्या गावाचे नाव पुसेगाव. हे नाव उच्चारले की पुण्या-मुंबईकडची मंडळी हटकून म्हणतात, "म्हणजे सेवागिरी महाराजांचे! यात्रेला आलो होतो की आम्ही." मग त्यांना सांगावे लागते, की ते पुसेगाव निराळे, ते सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले. आमचे पुसेगाव मराठवाड्यातले. तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. हिंगोली जिल्हाही तसा तरुणच. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा निघाला; तोवर आम्ही पत्त्यात परभणी लिहीत असू. माझ्या लहानपणी जिल्हा लिहायचा राहून गेलेले एखादे पाकीट साताऱ्याकडची हवा खाऊन महिन्याभराने आमच्या दारात येई. वडील ते उघडण्याआधी आम्हा भावंडांपुढे धरीत आणि म्हणत, "पत्ता शेवटून वाचायचा असतो रे. गावाचं नाव काय, कुठंही सापडेल. जिल्हा कोणता ते बघा."

वडिलांचे हे वाक्य मला पाठ होते. तरीही २०२५ च्या जून महिन्यात, ऐन पुसेगावात बसून, मी पत्ता पहिल्यापासून वाचला आणि फसलो. त्याची ही हकीकत.

मी मराठी शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो, की जुन्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या आणि टिपून घ्यायच्या, हा माझा काही वर्षांचा छंद आहे. यंत्राच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात उलटी पडली, आणि ओव्या उरल्या त्या ऐंशीच्या घरातल्या चार-दोन तोंडांत. त्या सुट्टीत मागच्या गल्लीतल्या एका आजींनी मला एका बैठकीत सतरा ओव्या म्हणून दाखवल्या. मी त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. मोबाइल भरत आला होता, म्हणून दुपारी पुतण्याच्या दुकानात जाऊन त्याच्या संगणकावर त्या उतरवून ठेवल्या आणि मोबाइलमधून पुसून टाकल्या. हे पुसून टाकणे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पुतण्याचे दुकान म्हणजे ऑनलाइन कामांचे. दहावी-बारावीचे निकाल लागलेले, प्रवेशाची घाई, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर. सकाळपासून पोरांची आणि त्यांच्या बापांची रीघ. रात्री आठाच्या सुमारास गर्दी ओसरली, तो घरी जेवायला गेला आणि जाताना म्हणाला, "काका, बसा जरा. मी आलोच." मी बसलो. रिकामा बसवेना, म्हणून कॉलेजचे काही पत्र आले आहे का ते पाहायला माझा ई-मेल उघडला.

पहिलाच मेल होता तो. संगणक ज्या प्रणालीवर चालतो, ती बनवणाऱ्या जगप्रसिद्ध कंपनीच्या नावाने आलेला. वर तिचे चित्रचिन्ह, खाली नेटका इंग्रजी मजकूर. आपल्या संगणकाची सुरक्षा आज रात्री बारा वाजता संपत आहे. सोबतच्या निळ्या बटणावर दाबून अपडेट उतरवून घ्यावे, अन्यथा आपली कागदपत्रे धोक्यात येतील. खाली एक बारीकशी ओळ होती: उतरवताना संगणक इशारा देईल, ती नेहमीची बाब आहे, दुर्लक्ष करून पुढे जावे.

आता माझी मनःस्थिती पाहा. विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, ही बातमी मी त्याच आठवड्यात वाचली होती आणि पुतण्याच्या संगणकावर तीच प्रणाली होती. अपडेट टाळू नयेत, हा उपदेश मी स्वतःच त्याला दोनदा केला होता. शिवाय मजकुरात व्याकरणाची एकही चूक नव्हती. फसवे मेल भाषेवरून ओळखू येतात, असे मी वर्गात मोठ्या दिमाखाने सांगत आलेलो. शुद्ध वाक्ये पाहून माझ्यातला मास्तर प्रसन्नच झाला! पोरगा जेवून येईपर्यंत त्याचे काम करून ठेवावे, असा सद्हेतू मनात धरून मी बटण दाबले. संगणकाने विचारले, हा कार्यक्रम अज्ञात प्रकाशकाचा आहे, त्याला फेरबदल करू द्यायचे का? मेलने आधीच सांगून ठेवले होते. मी 'होय' म्हटले.

दहा मिनिटांत पडद्यावरच्या फायलींची रूपे बदलली. नावांच्या पुढे कसलीशी अक्षरे चिकटली, आणि एकही उघडेना. मग एक चिठ्ठी आली. सर्व कुलूपबंद केले आहे, किल्ली हवी तर पैसे पाठवा.

पुतण्या हात पुसत आला. "काका, काय करायलात?" मी सांगितले. तो काही बोलला नाही. आधी त्याने इंटरनेटची तार उपटली, वायफाय बंद केले, आणि मगच खुर्चीत बसला. मग हळूच म्हणाला, "काका, अपडेट कधी मेलवर येत असतंय का?"

मराठीचा प्राध्यापक आणि बारावी शिकलेला पुतण्या यांच्यातला सगळा फरक या एका प्रश्नात होता. तो तांत्रिक ज्ञानाचा फरक नव्हे. मी विचारीत होतो, हा मेल खरा दिसतो का? तो विचारीत होता, ही वस्तू या वाटेने येते का? पहिल्या प्रश्नाला ठग आपल्याहून चांगले उत्तर देऊ शकतो, कारण दिसणे त्याच्या हातात आहे. वाट त्याच्या हातात नाही.

खरे अपडेट कसे येते? संगणकात किंवा मोबाइलमध्ये 'सेटिंग्ज' नावाचे घर असते. विंडोजच्या संगणकात तिथे 'विंडोज अपडेट' असा एक कप्पा आहे. मोबाइलमध्ये त्याच सेटिंग्जच्या आत सॉफ्टवेअर अपडेटची नोंद सापडते, आणि निरनिराळ्या अ‍ॅप्सची अपडेट प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमध्ये मिळतात. यंत्र स्वतःहून कंपनीच्या भांडाराकडे विचारणा करते, आणलेल्या मालावरची कंपनीची अंकीय सही तपासते, आणि मग तो बसवते. म्हणजे मागणी आतून बाहेर जाते. मेलचे नेमके उलट; तो बाहेरून दारावर येतो. मेल कितीही खरा वाटला, तरी त्यातले बटण दाबायचे नाही. तो बंद करायचा, आपल्या हाताने सेटिंग्ज उघडायचे आणि तिथे अपडेट आहे का पाहायचे. असेल तर घ्यावे. नसेल तर मेल खोटा होता, त्याला 'स्पॅम' ठरवून टाकावे. एवढे केले असते, तर मला अर्धे मिनिट लागले असते.

ही फसवणूक काही आजची नव्हे. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' नावाच्या एका विषाणूने जगभर संगणकांची त्रेधा उडवली होती आणि जो तो अपडेट घ्या, अपडेट घ्या असे सांगत होता. लगेच पुढच्या महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक देखणा मेल लोकांकडे येऊ लागला. सोबत सुरक्षेचे अपडेट म्हणून फाईल. ती फाईल म्हणजेच 'स्वेन' नावाचा विषाणू. तो मोठा बिलंदर. उघडल्यावर विचारी, अपडेट बसवू का? तुम्ही 'नाही' म्हणालात तरी तो बसेच, फक्त आवाज न करता! आणि संगणकात शिरण्यासाठी तो ज्या जुन्या भोकाचा फायदा घेई, ते बुजवणारे खरे अपडेट मायक्रोसॉफ्टने २००१ सालीच देऊन ठेवलेले होते. ज्यांनी आतल्या वाटेने खरे घेतले नव्हते, त्यांच्याच दारावर खोटे अधिक जोराने आदळले.

नंतर २०१९ च्या नोव्हेंबरात असाच मेल पुन्हा फिरला. मजकूर उणापुरा एका वाक्याचा, सोबत नावावरून छायाचित्र वाटावे अशी फाईल. प्रत्यक्षात ती कार्यक्रमाची फाईल होती आणि फायलींना कुलूप घालणारा ऐवज आणून बसवीत होती. १९ जुलै २०२४ ला तर वेगळाच प्रकार झाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक खरेखुरे अपडेट चुकले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्या गोंधळातच 'दुरुस्ती सोबत जोडली आहे' असे सांगणाऱ्या खोट्या फायली फिरू लागल्या. घर जळत असताना पाण्याची बादली घेऊन आलेल्या माणसाला कोण नाव-गाव विचारतो? ठगाला मुहूर्त लागतो तो असा. प्रणालीची मुदत संपणे, मोठा बिघाड, कर भरण्याची शेवटची तारीख, असे काही वर्तमानपत्रात आले की त्या आठवड्यात आपल्या पेटीत काय येते त्याकडे जरा संशयानेच पाहावे.

आता वडिलांच्या वाक्याकडे येतो. त्या रात्री पुतण्याने मला मेल पाठवणाऱ्याचा पत्ता दाखवला. नाव कंपनीचेच होते. पण मेलमधले पाठवणाऱ्याचे नाव हे पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या नावासारखे असते. कुणीही काहीही लिहावे. ई-मेल पोहोचवण्याचे मूळ नियम १९८२ साली ठरले तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यांत नव्हती. पुढे तपासणीच्या युक्त्या आल्या, त्याही सगळेच ठग अडवतात असे नाही. नावावर बोट ठेवले की त्यामागचा पत्ता दिसतो. तो शेवटून वाचायचा. समजा, पत्त्यात 'मायक्रोसॉफ्ट डॉट अमुकतमुक डॉट कॉम' असे आहे. डोळा पहिल्या शब्दावर थांबतो आणि सुखावतो. पण 'डॉट कॉम' हे राज्य, त्याच्या लगतचे 'अमुकतमुक' हा जिल्हा, मालकी तिथे. आधीचा 'मायक्रोसॉफ्ट' हे नुसते गावाचे नाव, आणि त्या नावाची गावे वाटेल तितकी वसवता येतात. सातारा की हिंगोली, हाच तो प्रश्न! सरकारच्या तक्रार नोंदवण्याच्या संकेतस्थळाचा पत्ता पाहा: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. शेवटून वाचा. 'इन' म्हणजे भारत. त्यातले 'गव्ह' सरकारी संस्थांसाठी राखलेले. मग नाव.

फाईलचेही तसेच. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असे नाव असेल, तर ते बिल नव्हे, चालणारा कार्यक्रम आहे. शेवटचे अक्षरत्रय खरे. पंचाईत अशी, की विंडोज हे शेवटचे त्रय मुळात लपवूनच ठेवते आणि आपल्याला 'बिल डॉट पीडीएफ' एवढेच दिसते. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' या यादीत ते दाखवण्याची सोय आहे. ती आजच चालू करून घ्यावी.

आणखी एक अक्षरांची लबाडी सांगतो, कारण ती माझ्या विषयातली आहे. जुन्या छपाईत 'ख' हे अक्षर 'र' आणि 'व' असे सुटे दिसे, आणि 'रवाना झाला' याचे 'खाना झाला' होऊन वाचणाऱ्याची फजिती होई. रोमन लिपीत आर आणि एन शेजारी ठेवले की लांबून एम दिसतो. एल आणि एकचा आकडा, ओ आणि शून्य, हीही भावंडेच. ठगांनी हे आपल्याआधी हेरले आहे. ज्यांची नजर माझ्यासारखी चाळिशीच्या चष्म्यावर चालते, त्यांनी अक्षरे निरखण्यापेक्षा सेटिंग्जची वाट धरावी, ती अधिक भरवशाची.

येथे एखादा चौकस वाचक विचारील, की आतली वाट तरी नेहमी सुरक्षित असते काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर एकदा मिळाले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू सुटला. युक्रेनमध्ये कराचे हिशेब ठेवण्यासाठी 'एम. ई. डॉक' नावाचे सॉफ्टवेअर पुष्कळ व्यवसाय वापरीत. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या भांडारातच शिरून तिथून जाणाऱ्या अपडेटमध्ये विष कालवले. दारावर कोणी आले नाही. नेहमीच्या गवळ्याच्या दुधातूनच ते आले. मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक त्यात सापडले, आणि तिच्या समूहाने चालवलेल्या बंदर-टर्मिनलांचे काम जगात ठिकठिकाणी अडले. त्यांत मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरातले टर्मिनलही होते. कंटेनरचे काम हाताने करण्याची पाळी आली. मेर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले.

या प्रकरणातला एक तपशील मला फार आवडतो. मेर्स्कच्या साऱ्या जाळ्याची मूळ नोंद ठेवणारे संगणक जगभर नासले. शाबूत राहिला तो एकच, घानातला. का, तर विषाणू सुटला तेव्हा तिथे वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! भारनियमनाचे इतके मोठे उपकार आम्हा मराठवाड्याच्या लोकांनी कधी ऐकले नव्हते. तारेला न जोडलेली एक प्रत कुठेतरी असावी, हा धडा मेर्स्कला असा योगायोगाने मिळाला. पुतण्या मात्र तो रोज संध्याकाळी ठरवून गिरवतो. दिवसाचे काम एका बाहेरच्या डिस्कवर उतरवायचे, डिस्क काढायची आणि कपाटात ठेवायची.

म्हणून 'मग अपडेटच नकोत' असा निष्कर्ष कोणी काढू नये. नॉटपेट्याच्या आधी महिना-दीड महिना, १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' आला होता. तो ज्या दोषातून शिरला, तो बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते वेळेवर घेतले, त्यांचे संगणक त्या वाटेने फुटले नाहीत. विषारी अपडेट आतल्या वाटेने येणे ही क्वचित घडणारी गोष्ट. जुनी भोके तशीच ठेवणे हा रोजचा धोका.

आमच्या दुकानात पुढे काय झाले ते सांगतो. पैसे द्यायचे नाहीत, हे पुतण्याने आधीच ठरवले होते. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? २०१६ साली नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि काही कंपन्यांनी मिळून 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम काढला आहे. तिथे काही जातीच्या कुलपांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आमच्या कुलपाची मिळाली नाही. चिठ्ठीचे आणि मेलचे छायाचित्र काढून त्याने सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. बँकेतून पैसे गेलेले नव्हते. ते गेले असते तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर फोन करायचा, कारण पैसा वाटेत असतानाच अडवता येतो. माझे ई-मेलचे आणि बँकेचे पासवर्ड मी दुसऱ्या यंत्रावरून, म्हणजे माझ्या मोबाइलवरून, बदलले. बाधित संगणकावर बसून नवा पासवर्ड टाकणे म्हणजे चोराच्या देखत किल्ली लपवणे. मग संगणक पूर्ण पुसून प्रणाली नव्याने बसवली. ज्यांच्याकडे असे हात नाहीत, त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ पासून 'सायबर स्वच्छता केंद्र' चालवले आहे, विषाणू काढण्याची साधने तिथे विनामूल्य आहेत. तोतया बनून संगणकाद्वारे फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. अर्थात आधी तो सापडायला हवा.

मी मात्र एक मूर्खपणा आणखी करणार होतो. सर्वांना सावध करावे म्हणून तो मेल आमच्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांना पुढे पाठवायला निघालो. पुतण्याने हात धरला. "काका, बटण त्यात तसंच आहे की." घरच्यांना सावध करायचे तर छायाचित्र पाठवावे, मेल पाठवू नये. हीच गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या 'एपीके' फायलींची. गावाकडे त्या शेतकरी योजनेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाने येतात, शहरात बँकेच्या. अ‍ॅप हवे तर भांडारातून घ्यावे. दारावर आलेले घेऊ नये, मग ते घेऊन येणारा आपला सख्खा साडू का असेना. त्या बिचाऱ्याचाही मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

पोरांची कागदपत्रे कपाटातल्या डिस्कवरून परत आली. फक्त त्या एका दिवसाची गेली. दुसऱ्या दिवशी पुतण्याने आठ-दहा घरी फोन करून कागद पुन्हा मागवून घेतले. एका बापाला त्यासाठी मजुरी बुडवून यावे लागले. त्याच्यासमोर मी मान वर करू शकलो नाही. पुतण्याने त्याला सांगितले, "कॉम्प्युटर बिघडला होता." काकाचे नाव घेतले नाही.

आणि ओव्या त्या दिवशीच्याच होत्या.

गणपतीच्या सुट्टीत पुन्हा गावी गेलो आणि आजींकडे जाऊन खरे काय ते सांगितले. त्यांना संगणकाचे कळले नाही, हरवले एवढे कळले. "कामून रडतोस? बस, म्हणते," म्हणाल्या. दोन दुपारी बसलो. सतरापैकी अकरा आल्या, काही शब्द बदलून. दोन नव्या आल्या, ज्या जूनमध्ये आठवल्या नव्हत्या. उरलेल्या सहांसाठी त्यांनी डोळे मिटून पुष्कळ वेळ हाताने जाते फिरवल्यासारखे केले, आणि म्हणाल्या, "न्हाई बाबा, सापडत न्हाईत."

घरी आलो तेव्हा पुतण्या ओट्यावर उभाच होता. त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला, ध्वनिमुद्रण डिस्कवर उतरवले, शिवाय एका पेनड्राइव्हवर, आणि पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख घातली. मग वहिनींना आत हाक मारून म्हणाला, "झालं आई. आता काकांना चहा दे."